इंग्लंडच्या गायरानाची मोजणी

हे कोणी मानणार नाही, पण इंग्लंडातलं एक अख्खं गायरान मी नागपुरात मोजलेलं आहे. विद्यापीठाच्या एका खोलीत, सहासष्ट फुटी साखळीने, चार प्राध्यापकांना खुर्च्यांवरून उठवून. हद्द कायम केली, खुणा दाखवल्या, पंचांच्या सह्या घेतल्या. कागद माझ्याजवळ नाही. तो का नाही याचीही एक गोष्ट आहे, आणि तीही कोणी मानणार नाही.

मी मधुकरराव. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. बत्तीस वर्षं लोकांच्या शेतांचे बांध मोजत हिंडलो. सरकारी कागदावर एक कडी कधी इकडची तिकडे केली नाही, त्याची सगळी भरपाई तोंडाने केली. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, जेवणं झाली की माणसं माझ्याभोवती खुर्च्या ओढत. मग मी सुरू. आणि गोष्ट फारच वर चढली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माझी बायको चारुशीला मान वर न करता म्हणायची, "खोटं." वाटाणे सोलत असली तर सोलता सोलता, उत्तरपत्रिका तपासत असली तर तपासता तपासता. लोक हसायचे, गोष्ट संपायची. चाळीस वर्षांत मला दुसरा शेवट शोधावाच लागला नाही.

आणि मग आठ महिने तिने तो शब्द उच्चारला नाही. कुठलाच शब्द उच्चारला नाही.

सप्टेंबरात एका सकाळी ती न्हाणीतून बाहेर येत होती. आधी हातातला पंचा पडला, मग ती. एकोणीस दिवस दवाखान्यात. उजवी बाजू गेली, ती हळूहळू थोडी परत येते आहे. वाचा मात्र आली नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. शब्दही आत आहेत. बाहेर यायचा रस्ता तुटलाय."

मी विचारलं, "रस्ता सरकारी की खासगी?"

डॉक्टर हसले नाहीत. मीही हसलो नाही. तोंडाला सवय होती, तोंड बोललं.

तेव्हापासून मला विशेष काही वाटत नाही. नातेवाईक म्हणतात मधुकरराव खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नाही. दाढ काढल्यावर ओठ जागेवरच असतो, पण बोट लावलं तर दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा लागतो ना, तसं अंगभर झालं आहे. सकाळी पेपर वाचतो. कोण गेलं ते वाचतो. पोळी-भाजी खातो. भाजी कसली होती ते दुपारी सांगता येत नाही. मुलगा ऋषी दर रविवारी पुण्याहून फोन करतो, मी 'ठीक आहे' म्हणतो, तोही 'ठीक आहे' म्हणतो.

वाचा शिकवायला एक मुलगी येते आठवड्यातून दोनदा. चित्रं दाखवते, कप, कात्री, गाय. चारुशीला कपाकडे बघते. पस्तीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलेली बाई, तिला कप दाखवला तर ती काय करणार? त्या मुलीने मला एक गोष्ट सांगितली. "काका, त्यांना माहिती सांगू नका. प्रश्नही विचारू नका. असं काहीतरी बोला की त्यांना उत्तर दिल्याशिवाय राहवणारच नाही."

चारुशीलेला कशाशिवाय राहवत नाही ते माझ्याइतकं कोणाला माहीत?

म्हणून मी रोज खोटं बोलू लागलो. दुपारी चारला तिला खुर्चीत बसवलं की एक. अंबाझरीच्या तलावाकाठी मगर झोपली होती, मी तिची नाकापासून शेपटीपर्यंत मोजणी केली आणि तिला गट नंबर दिला, ही सांगितली. नरखेडच्या एका बागेत बेचाळीस फोडींचं संत्रं निघालं, ते दोन गावांत वाटलं, ही सांगितली. काटोलच्या एसटीत बकरी अर्धं तिकीट काढून खिडकीशी बसली, ही सांगितली. चारुशीला खिडकीतून समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहायची. तिच्या डाव्या हातात व्यायामाचा पिवळा चेंडू असतो. तो ती दाबायची, सोडायची, दाबायची.

विश्वास ठेवायची ती प्रयागबाई. प्रयागबाई सकाळी आठला येते, चारुशीलेची आंघोळ, खाणं, फिरवणं सगळं तिच्याकडे.

"बाप्पा! बेचाळीस फोडी?" ती म्हणाली. "बियाही तितल्याच असन मंग."

"दुप्पट."

"आमच्या गल्लीत सांगतो मी हे."

तिने सांगितलंही. तिच्या गल्लीतला एक जण पत्ता विचारायला आला होता, रोपं मिळतील का म्हणून.

असं आठ महिने. जवळच्या सगळ्या गोष्टी संपत आल्या. एकच ठेवली होती.

गेल्या मंगळवारी वेदिका आली. ही चारुशीलेकडे पीएच.डी. करणारी शेवटची विद्यार्थिनी. विषय तिच्या मॅडमचाच, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी साहित्यातला अवकाश आणि स्थळ. मॅडम आजारी पडल्यावर विद्यापीठाने तिला दुसरे मार्गदर्शक दिले. पण दर मंगळवारी ती टाइप केलेली पानं घेऊन येते आणि मॅडमना वाचून दाखवते. एक पान संपलं की थोडी थांबते. पूर्वी तिथे मॅडम बोलायच्या. मग ती पान उलटते.

मेचा महिना, कूलर घरघर करत होता, त्यावरून आवाज चढवून ती वाचत होती. मी ऐकत होतो. इतकी वर्षं हे घरात चाललेलं असल्यामुळे मला त्यातलं थोडं समजतं. त्या काळी तिकडे रंगमंचावर देखावा नसायचाच. ना झाड, ना घर. नट यायचा आणि म्हणायचा, हे रान किती दाट आहे, की झालं रान. दुसरा यायचा आणि म्हणायचा, राजेसाहेबांच्या दारात कोण उभं आहे, की झाला राजवाडा. प्रेक्षक उभ्या उभ्या मान्य करायचे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चारुशीलेला म्हटलं होतं, "म्हणजे माझ्यासारखीच माणसं की!" ती म्हणाली होती, "त्यांना लोक तिकीट काढून ऐकायचे."

वेदिकेचं त्या दिवशीचं पान गायरानाचं होतं. त्याच काळात तिकडचे जमीनदार गावाची चराई कुंपणं घालून आत घ्यायला लागले होते. मोजणी करणारा माणूस गावात आला की बाया दारं लावायच्या. नाटकातही तो खलनायक. साखळी घेऊन यायचा, आणि तो गेला की कोणाची तरी गाय उपाशी.

वेदिकेने पान संपवलं, थांबली, आणि मॅडमऐवजी माझ्याकडे वळली.

"काका, ती मॅडमच्या वायवाची, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेची गोष्ट सांगा ना. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही साखळी घेऊन आला होता, ती."

तीच ठेवलेली गोष्ट.

ही मी तीस वर्षं सांगत आलो आहे. सगळ्यात जास्त हशा हिलाच. पण खरं सांगायचं तर चारुशीलेने या एका गोष्टीला कधी 'खोटं' म्हटलं नाही. ही सुरू झाली की ती उठायची आणि आत जायची, चहा टाकायला. चहा नको असला तरी. मग मीही गोष्ट लवकर आटोपायचो. का उठते ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं म्हणून विचारलं नाही, असंही म्हणता येईल.

आता तिला उठून आत जाता येत नव्हतं.

मला वाटलं, राहू द्यावं. पण पोतडीत दुसरी गोष्ट उरली नव्हती. आणि मला तसंही काही वाटत नव्हतं.

"प्रयागबाई, बस," मी म्हटलं. "कूलर जरा कमी कर."

"काकाजी, बाईचं दूध व्हायचं हाय."

"दुधाला कोणी मोजणीची नोटीस दिली नाही. बस."

ती बसली, जमिनीवर, भिंतीला टेकून.

"पहिला भाग खरा आहे," मी वेदिकेला म्हटलं. "तेव्हा मी नरखेडला होतो, शनिवारी घरी यायचो. तुझ्या मॅडमचा प्रबंध एका ठिकाणी अडकला होता. नकाशे नव्हते त्या काळी एखादं गाव, एखादं शेत माणसं कागदावर कसं सांगत असतील, यावर. दोन महिने ती त्याच पानावर. मी जेवता जेवता म्हटलं, त्यात काय आहे? आमच्याकडे अजूनही चतुःसीमा लिहितात. पूर्वेस रुपरावचं शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदणरस्ता, दक्षिणेस सरकारी पडीत. मधे काय आहे ते कागद बोलतच नाही. आजूबाजूला कोण आहे, तेवढं सांगतो. तिने घास ताटात ठेवला. म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं. तिने उष्ट्या हाताने लिहून घेतलं."

"हे मॅडमनी आम्हाला वर्गात सांगितलंय," वेदिका म्हणाली. "त्या म्हणायच्या, माझा चौथा अध्याय नरखेडच्या मोजणीदाराचा."

हे मला माहीत नव्हतं. मी चारुशीलेकडे पाहिलं. चेंडू दाबत होती, सोडत होती.

"मग वायवा," मी म्हटलं. "डिसेंबर महिना. त्याच दिवशी नरखेडला एका संत्र्याच्या बागेची मोजणी लागलेली. लगतदारांना, म्हणजे शेजारच्या शेतवाल्यांना, नोटिसा गेलेल्या. मी साहेबांना म्हटलं, बाग कुठे पळून जात नाही, माझी बायको आज डॉक्टर होते आहे. साखळीची पिशवी खांद्याला, तसाच पहाटेच्या एसटीत बसलो. वाटेत लकडगंजला उतरून झेंड्यांसाठी चार नवे बांबू घेतले."

"वायवाले बांबू काहून?" प्रयागबाई म्हणाली.

"मोजणीदार रिकाम्या हाताने कुठे जात नाही. ऐक. मी पोचलो तर आत सुरू झालेलं. हैदराबादहून आलेले परीक्षक, भिंगं ही अशी जाड. समोर चारुशीला, हिरव्या काठाची साडी. परीक्षक विचारतात, 'बाई, या नाटकात सगळं गाव ज्या गायरानासाठी भांडतं, ते गायरान आहे केवढं? स्टेजवर तर काहीच नाही. एक चटई नाही.' ही म्हणाली, 'पात्रं बोलतात तेवढं.' ते म्हणाले, 'बोलण्याला माप असतं का?' मी दाराशी उभा. मी म्हटलं, 'साहेब, मोजून देऊ का?'"

वेदिका हसायला लागली. "काका!"

"चारही जण वळले. विभागप्रमुख म्हणाले, हे कोण? मी म्हटलं, भूमी अभिलेख. सरकारी माणूस म्हटल्यावर कोणी बाहेर काढत नाही. मी साखळी जमिनीवर सोडली. सहासष्ट फूट, शंभर कड्या, खण्‌खण्‌ आवाज. म्हटलं, साहेब, ही साखळी तुमच्याच नाटकवाल्यांच्या काळात तिकडे निघाली आहे. ही त्या गायरानाला ओळखते."

"हे खरं आहे," वेदिका प्रयागबाईला म्हणाली. "साखळीचं. ती त्याच काळातली."

"पण खोली तीस फुटांची, साखळी सहासष्टची. मी दार उघडलं, साखळी व्हरांड्यात नेली, तिथून जिन्याने खाली. नाटकातला गुराखी म्हणतो ना, इथून देवळाची घंटा ऐकू येते? तर विद्यापीठाची घंटा जिथून ऐकू येते तो पूर्वेचा कोपरा. विभागप्रमुखांच्या हातात झेंडा दिला, म्हटलं हलायचं नाही. म्हातारी म्हणते, माझ्या चुलीचा धूर मला दिसतो. खाली कॅन्टीनचा धूर दिसत होता. तो पश्चिमेचा. चपराशाचं स्टूल हद्दीच्या आत आलं, त्याला तिथल्या तिथे अतिक्रमणाची नोटीस. मग परीक्षकांना म्हटलं, साहेब, जरा सरका, तुम्ही नाल्यात उभे आहात."

"आणि?"

"सरकले. पँट वर करून."

वेदिकेला हसू आवरेना. तिची पानं मांडीवरून खाली घसरली.

"ओले झाले का पाय त्याइचे?" प्रयागबाईने विचारलं.

"घोट्यापर्यंत."

"डिसेंबरात? मंग पडसं झालं असन."

मी चारुशीलेकडे बघत होतो. बोलत होतो वेदिकेशी, बघत होतो तिच्याकडे. आठ महिने हेच करत आलो आहे. ती कडुनिंबाकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही, जमिनीवर कुठेतरी. चेंडू हातात तसाच होता. दाबत नव्हती. थकली असेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे डोक्यात आलं. पूर्वी असं काही दिसलं असतं तर छातीत काहीतरी झालं असतं.

"काकाजी, बाई थकल्या वाटते," प्रयागबाई म्हणाली. "आता पुरे करा."

"झालंच. मोजणी संपली. चतुःसीमा लिहिली. पूर्वेस घंटा, पश्चिमेस धूर, उत्तरेस एक रडणारी बाई, दक्षिणेस प्रेक्षक. क्षेत्र बारा एकर एकोणीस गुंठे. परीक्षकांनी पंच म्हणून सही केली आणि म्हणाले, बाई, माझे प्रश्न संपले."

इथे गोष्ट संपते. तीस वर्षं इथेच संपत आली आहे. याच सुमाराला आतून कपबशांचा आवाज यायचा, मी म्हणायचो, "चला, चहा झाला वाटतं," आणि लोक टाळ्या द्यायचे.

आतून आवाज आला नाही. वेदिका पानं गोळा करत होती. चारुशीला जमिनीकडे बघत होती. तिने काही म्हटलं नव्हतं. या गोष्टीलाही नाही. म्हणजे संपलंच होतं सगळं. उद्या चारला मी काय सांगणार होतो?

म्हणून मी पुढे गेलो. त्या गोष्टीत मी याच्यापुढे कधी गेलेलो नव्हतो. तिथे काय आहे ते मलाही माहीत नव्हतं.

"मग सगळे आत चहा प्यायला गेले," मी म्हटलं. "निकाल सांगायला वेळ होता. चारुशीला एकटी बाहेर आली. मी खाली पायऱ्यांवर उभा होतो, साखळी गुंडाळत. ती माझ्याकडे बघून हसली नाही, काही नाही. खाली आली, पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. पिशवीत नरखेडची चार संत्री होती. मी एक सोललं. म्हटलं, भूक लागली असेल. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. अर्धं तिला दिलं. तिचा दुसरा हात धरला. उन्हात बसलो होतो दोघं. कोणी बोलावेपर्यंत."

वेदिका हसत नव्हती. प्रयागबाईने पदर तोंडाशी नेला होता.

"मग वरून हाक आली, मिसेस—नाही, डॉक्टर म्हणून हाक मारली. तिने पहिल्यांदा मलाच विचारलं, ऐकलंत का? मी म्हटलं, ऐकलं. मी होतोच ना तिथे—"

चेंडू खाली पडला. टाइल्सवर दोनदा उडाला आणि दिवाणाखाली गेला.

प्रयागबाई तो काढायला वाकली. चारुशीलेचं तोंड डावीकडून हललं होतं. ओठ मिटले, पुन्हा उघडले. घशातून काहीतरी खरखरत वर आलं. कूलरच असेल म्हणून वेदिकेने त्याच्याकडे मान वळवली.

"न...," चारुशीला म्हणाली.

मी थांबलो. माझ्या तोंडात 'खोटं' हा शब्द तयार होता, तिच्यासाठी. आठ महिने तयार ठेवलेला. मी मान हलवली, तिला मदत करावी तशी. खो. म्हण, खो.

तिने माझ्याकडे पाहिलं. खिडकीकडे नाही, जमिनीकडे नाही.

"मॅडम?" वेदिका उठून उभी राहिली होती. "मॅडम, काय म्हणता?"

"तुम्ही," चारुशीला म्हणाली. मला म्हणाली. प्रयागबाई दिवाणापाशी तशीच वाकून राहिली होती. मग एकेक शब्द, उचलून आणून ठेवल्यासारखा:

"तुम्ही... नव्हता... तिथे."